झेड/व्हीएम दर महिन्याला स्लो होतंय? नवं मॉनिटरिंग टूल घेण्याआधी हे तपासा

तक्रार नेहमी एकाच चालीची असते. महिन्यातला पहिला कामाचा दिवस, ग्राहकाकडे सकाळचे नऊ, आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. झेड/व्हीएम, म्हणजे आयबीएमच्या एका मेनफ्रेमवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी सिस्टीम, तिच्याखाली चालणारा लिनक्सवरचा डेटाबेस अचानक जड होतो आणि पाऊणएक तासाने आपला आपण सुधारतो. तोवर सगळ्या टीम एका कॉलवर गोळा झालेल्या असतात आणि प्रत्येकाच्या हातात वेगळा आकडा असतो. लिनक्सवाले म्हणतात सीपीयू शंभर टक्के, व्हीएमवाले म्हणतात मशीनमध्ये अजून जागा आहे, स्टोरेजवाले म्हणतात डिस्कला काही झालेलं नाही. शेवटी वरून कुणीतरी फर्मावतं, ‘चांगलं टूल घ्या’. मग विक्रेत्यांचे डेमो सुरू होतात आणि पुढच्या एक तारखेला गाडी पुन्हा तिथेच अडते.

बेळगाव, खानापूर, निपाणीत घरी बसून परदेशातली मेनफ्रेम सांभाळणारी बरीच मंडळी माझ्या ओळखीत आहेत आणि हा प्रश्न त्यांच्याकडून सारखा येतो. त्यातल्या बहुतेकांना लगेच नवं टूल लागत नाही. आधी कच्चा डेटा नीट साठवायला लागतो, आणि मग त्यातून ‘कोण कशासाठी थांबलं होतं’ या प्रश्नाचं उत्तर देणारं टूल निवडायचं असतं. हा क्रम उलटा झाला की पैसे जातात आणि त्रास राहतो.

आकडे जुळत का नाहीत

मेनफ्रेमवर एकावर एक तीन थर असतात. तळाशी पीआर/एसएम, जो मशीनची खरी इंजिनं (म्हणजे प्रोसेसर) वेगवेगळ्या एलपारना, म्हणजे मशीनच्या स्वतंत्र हिश्श्यांना, वाटतो. त्यातल्या एका एलपारमध्ये झेड/व्हीएम. त्याचा गाभा म्हणजे सीपी, मिळालेली इंजिनं गेस्टना वाटणारा. आणि सगळ्यात वर गेस्ट, म्हणजे लिनक्स, झेड/ओएस किंवा व्हीएसई चालवणारी व्हर्च्युअल मशीन. रांग तिन्ही ठिकाणी लागू शकते. गेस्टच्या आत बसलेल्या टूलला खालच्या दोन रांगा दिसत नाहीत. घरातल्या मीटरकडे बघून गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर किती लोड आहे ते कळत नाही, तसंच हे.

लिनक्सच्या टॉप या कमांडमध्ये सीपीयूच्या ओळीच्या शेवटी ‘एसटी’ म्हणून जो स्टीलचा आकडा येतो, तो एवढंच सांगतो की गेस्टला इंजिन हवं होतं आणि तेवढा वेळ ते मिळालं नाही. का मिळालं नाही, हे तो सांगत नाही. एलपारलाच इंजिन मिळालं नसेल, सीपीने दुसऱ्या गेस्टला पुढे काढलं असेल, किंवा या गेस्टवर कुणीतरी हार्ड लिमिट घातलेली असेल. शिवाय सीपीने त्या गेस्टसाठी स्वतः केलेल्या कामाचा वेळही याच आकड्यात मिसळतो. म्हणून थोडं स्टील दिसलं की घाबरायचं कारण नाही, आणि जास्त दिसलं की लगेच सीपीयू वाढवून मागायचंही कारण नाही.

खानापूरच्या आमच्या एका तरुण सहकाऱ्याचा अशाच एका संध्याकाळी फोन आला.

“दादा, डेटाबेसच्या टॉपमध्ये स्टील चाळीसवर चढायलंय बघा. दोन सीपीयू वाढवून मागू काय?”

“आत्ता काही मागू नकोस रे. मॉनराइट चालू हाय न्हवं? मग उद्या सकाळी निवांत यूस्टॅट काढ, त्यात कळतंय.”

दुसऱ्या दिवशी कळलं ते पुढे सांगतो. आधी हे मॉनराइट काय ते.

पडद्यावर बघून भागत नाही

इंडिकेट लोड ही कमांड सगळ्यांच्या बोटांवर असते. ती वाईट नाही, पण तिच्यातला प्रोसेसरचा आकडा सरासरीने गुळगुळीत केलेला असतो. दहा मिनिटांचा कडेलोट त्यात सपाट होऊन जातो, आणि तुम्ही कमांड टाइप करेपर्यंत बरेचदा तो सरलेलाही असतो. इंडिकेट क्यूज एक्स्पी त्या क्षणी कोण डिस्पॅच लिस्टवर, म्हणजे इंजिनासाठीच्या रांगेत, आहे ते छान दाखवते, पण तेही फक्त त्या क्षणापुरतंच.

आणि तो क्षण आपल्या हाती लागेलच असं नाही. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस बसला की लाइट कधी जाईल आणि इंटरनेट कधी तुटेल याचा भरवसा नसतो. व्हीपीएन पडला की ३२७० चं, म्हणजे मेनफ्रेमच्या टर्मिनलचं, सेशन गेलंच. परत लॉगऑन होईपर्यंत ग्राहकाकडचा घोळ निस्तरलेला असतो आणि तुमच्याकडे दाखवायला काही नसतं. ज्या टूलचा सगळा जीव लाइव्ह पडद्यात आहे, ते इथून काम करणाऱ्याच्या उपयोगाचं नाही. त्यामुळे मी टूलच्या पडद्याआधी त्याची नोंद बघतो.

ही नोंद सीपी स्वतःच तयार करतो आणि त्यासाठी वेगळा पैसा पडत नाही. सीपी मॉनिटर आपली रेकॉर्डं मॉनडीसीएसएस या सेव्ह्ड सेगमेंटमध्ये, म्हणजे मेमरीतल्या सामायिक जागेत, टाकतो. स्टार-मॉनिटर या सिस्टीम सर्व्हिसला जोडलेलं व्हीएम खातं ती तिथून उचलतं. मॉनराइट ही सीएमएसमधली (झेड/व्हीएमबरोबर येणाऱ्या कामकाजाच्या वातावरणातली) युटिलिटी तेच काम करते, म्हणजे रेकॉर्डं जशीच्या तशी डिस्कवर लिहिते. एका वेळी अनेक खाती जोडता येतात, त्यामुळे मॉनराइट चालू ठेवल्याने दुसऱ्या टूलला अडथळा होत नाही. क्लोज पर्याय देऊन तासातासाला फाइल बंद करायला लावा. फाइलच्या नावात तारीख आणि वेळ येते, शोधायला सोपं जातं.

बाजारात झेड/व्हीएमसाठी जी मोठी टूलं आहेत, ती सगळी मुळात याच झऱ्याचं पाणी पितात. म्हणून झराच अर्धा बंद असेल तर कितीही महागडं टूल आणलं तरी उपयोग नाही.

आणि तो अर्धा बंद असतो, हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त वेळा सापडते. रेकॉर्डं विषयवार गटांत येतात, त्यांना डोमेन म्हणतात. सुरुवातीला मॉनिटर आणि सिस्टीम ही दोनच डोमेनं चालू असतात. यूजर, प्रोसेसर, स्टोरेज आणि आय/ओ ही आपल्याला हवी ती डोमेनं मुद्दाम चालू करावी लागतात. कुणीतरी ती कधीतरी हाताने केलेली असतात. मग एखाद्या रविवारी देखभालीसाठी आयपीएल, म्हणजे सिस्टीम रीस्टार्ट, होतं, कमांड कुठल्याच प्रोफाइलमध्ये लिहिलेल्या नसतात, आणि सोमवारपासून फाइली तर तयार होत राहतात पण आत यूजर डोमेनच नसतं. ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी हे लक्षात येतं.

म्हणून आधी क्वेरी मॉनिटर देऊन काय चालू आहे ते बघा. मग ऑटोलॉगला, म्हणजे सिस्टीम सुरू होताना आपोआप, चालणाऱ्या प्रोफाइलमध्ये या ओळी आहेत की नाहीत ते तपासा:

मॉनिटर सॅम्पल एनेबल यूजर ऑल
मॉनिटर सॅम्पल एनेबल प्रोसेसर
मॉनिटर सॅम्पल एनेबल स्टोरेज
मॉनिटर सॅम्पल एनेबल आय/ओ ऑल
मॉनिटर सॅम्पल इंटरव्हल १ मिन
मॉनिटर सॅम्पल रेट २ सेक
मॉनिटर स्टार्ट

इंटरव्हल आणि रेट यांत गल्लत करू नका. इंटरव्हल म्हणजे रेकॉर्ड किती वेळाने लिहायचं. रेट म्हणजे मधल्या काळात सीपीने प्रत्येक गेस्टची अवस्था किती वेळाने डोकावून बघायची. दर दोन सेकंदांनी डोकावलं तर एका मिनिटात तीस निरीक्षणं जमतात, आणि ‘कोण कशासाठी थांबलं’ याचं उत्तर त्यांतूनच निघतं. इव्हेंट डेटामधली शेड्यूलर आणि सीक ही दोन डोमेनं मात्र कायम चालू ठेवू नका. ती डेटाचा डोंगर करतात. खास शोध घ्यायचा असेल तर थोड्या वेळापुरती उघडायची आणि बंद करायची.

वेळेचं एक झंझट आहे, तेही आत्ताच सोडवा. मॉनिटर रेकॉर्डवरचा वेळेचा शिक्का मशीनच्या स्वतःच्या टीओडी घड्याळाचा असतो, लिनक्सचे लॉग स्थानिक वेळेत असतात आणि आपलं बोलणं भारतीय वेळेत चालतं. त्यात अमेरिकेतला ग्राहक असेल तर त्यांची घड्याळं वर्षातून दोनदा सरकतात. पूर्व किनाऱ्यावरचे सकाळचे नऊ आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसहा, थंडीत साडेसात. नोव्हेंबरचा आलेख ऑक्टोबरच्या आलेखावर ठेवून ‘घोळ तासभर पुढे सरकला’ असा निष्कर्ष काढलेला मी पाहिला आहे. सगळं एकाच वेळेत, शक्यतो यूटीसीत, लिहायची सवय लावा.

यूस्टॅटमध्ये काय दिसलं

दुसऱ्या दिवशी सकाळी मॉनराइटची ती तासाभराची फाइल घेऊन आयबीएमच्या परफॉर्मन्स टूलकिटचा (त्याबद्दल पुढे) एफसीएक्स ११४ हा अहवाल काढला. यालाच यूस्टॅट म्हणतात, प्रत्येक गेस्टच्या थांबण्याचा हिशेब. त्यात एकेका गेस्टसमोर टक्के दिलेले असतात: प्रत्यक्ष चालत होता तो ‘रन’, इंजिनाची वाट बघत होता तो ‘सीपीयू’, लिमिटमुळे अडवून ठेवला होता तो ‘एलआयएम’, पानं आत यायची वाट बघत होता तो ‘पीजीडब्ल्यू’, आणि असे आणखी बरेच. ‘सीपीयू’ हे नाव बघून नवखा माणूस हमखास फसतो. तिथे मोठा आकडा म्हणजे गेस्टने खूप सीपीयू वापरला असं नव्हे, तो त्यासाठी तेवढा तिष्ठत होता.

डेटाबेसच्या ओळीत ‘सीपीयू’ फुगलेला होता. ‘एलआयएम’ शून्य, म्हणजे लिमिट नव्हती. पेजिंगचे रकाने जवळपास कोरे, म्हणजे मेमरीचा दोष नव्हता. मग एफसीएक्स १२६, एलपारचा पडदा. त्यात ‘सस्पेंड’चा रकाना बघायचा, म्हणजे पीआर/एसएमने या एलपारला किती वेळ ताटकळत ठेवलं ते. तोही नगण्य. म्हणजे तळाचा थर सुटला, वरचा सुटला, भांडण मधल्या थरात, सीपीच्या वाटपात.

वाटप शेअरवर, म्हणजे प्रत्येक गेस्टला ठरवून दिलेल्या हिश्श्यावर, चालतं. गेस्टला काही सांगितलं नसेल तर रिलेटिव्ह १०० मिळतो. आणि इथे ती गोष्ट येते जी गेस्टच्या आतलं कुठलंच टूल दाखवणार नाही: हा शेअर गेस्टच्या व्हर्च्युअल सीपीयूंमध्ये विभागला जातो. ॲप्लिकेशनच्या गेस्टना प्रत्येकी दोन व्हर्च्युअल सीपीयू होते, म्हणजे एकेकाच्या वाट्याला ५०. डेटाबेसला मूळचे चार होते. दर वेळी स्लो झाला की त्यांच्या टीमने दोन वाढवून मागितले, आणि ते मिळत गेले. आता आठ झाले होते. शेअर मात्र तोच, १००. एकेका सीपीयूच्या वाट्याला १२.५.

एरवी याने काही बिघडत नाही, कारण इंजिनं रिकामी असतात आणि रिकाम्या इंजिनावर शेअर कुणी विचारत नाही. पण एक तारखेला सगळे ॲप्लिकेशन गेस्ट एकाच वेळी महिन्याचे अहवाल काढायला घेत होते. रांग लागली की १२.५ वाला ५० वाल्यांच्या मागे उभा. औषध म्हणून जे देत गेले, त्यानेच दुखणं वाढत गेलं, आणि ते देण्याचा आधार होता लिनक्सच्या टूलमधला ‘सीपीयू शंभर टक्के’ हा आकडा.

उपाय साधा होता. डेटाबेसच्या गेस्टला सेट शेअर देऊन रिलेटिव्ह ४०० केला आणि व्हर्च्युअल सीपीयू परत चारवर आणले. इथे दोन सूचना. सेट शेअर गेस्ट लॉगऑफ होईपर्यंतच टिकतो, म्हणून यूजर डिरेक्टरीतही बदल करा. आणि चालू गेस्टचा सीपीयू सीपीच्या डिटॅच कमांडने काढू नका, अख्खा गेस्ट रिसेट होतो. लिनक्समधूनच ते ऑफलाइन करा, आणि डिरेक्टरीतला आकडा पुढच्या ठरलेल्या बंदच्या वेळी बदला.

तुमच्याकडे कारण वेगळं निघेल. एलपारचं वेट (इंजिनांतला ठरलेला वाटा) कमी असेल, पेजिंगच्या डिस्क भरत आल्या असतील, कुणीतरी लिमिटहार्ड घालून विसरला असेल. पण शोधाचा रस्ता हाच.

आता टूलकडे

परफॉर्मन्स टूलकिट हे आयबीएमचं, झेड/व्हीएमबरोबरच येतं. ते आधीच बसवलेलं असतं, पण सशुल्क असल्याने परवाना घेऊन चालू करावं लागतं. पर्फएसव्हीएम नावाच्या खात्यात चालतं, ३२७० वर किंवा ब्राउझरमध्ये बघता येतं. त्याचा सगळ्यात मोठा गुण असा की ते झेड/व्हीएमच्या आवृत्तीबरोबर चालतं. नव्या आवृत्तीत मॉनिटर रेकॉर्डांचा आराखडा बदलतो, आणि मागे राहिलेलं टूल मग चुकीचं वाचतं किंवा वाचतच नाही. उणीव म्हणजे लिनक्सच्या आतलं त्याला फारसं दिसत नाही, आणि पडदे जुन्या वळणाचे आहेत. नव्या मुलांना ते पहिल्यांदा रुक्ष वाटतात. तरीही ज्यांच्याकडे एक-दोन एलपार आणि मोजके गेस्ट आहेत, त्यांनी याच्या पुढे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आधी यातले वीसएक पडदे नीट वाचायला शिका.

ओमेगामॉन हे आयबीएमचंच मॉनिटरिंग टूल ज्यांच्याकडे झेड/ओएससाठी आधीपासून आहे, त्यांना झेड/व्हीएम आणि लिनक्सही त्याच खिडकीत बघायचा मोह होतो, आणि तो रास्त आहे. फक्त एक लक्षात घ्या: झेड/व्हीएमचे आकडे ते परफॉर्मन्स टूलकिटकडूनच घेतं. ‘टूलकिट नको, त्याऐवजी ओमेगामॉन’ असा हिशेब मांडलात तर तो चुकेल.

वेलॉसिटी सॉफ्टवेअरचं झेडव्हीपीएस वेगळ्या वाटेने जातं. सीपी मॉनिटरचा डेटा ते स्वतः गोळा करतं आणि लिनक्सच्या आतली प्रोसेसपर्यंतची माहिती एसएनएमपी या नेटवर्क प्रोटोकॉलवरून आणतं. दोन्ही बाजूंचे आकडे एकमेकांवर ठेवून किती वेळेचा हिशेब लागला तेही दाखवतं. शेकडो लिनक्स गेस्ट असतील आणि विभागवार वापराचं बिल काढायचं असेल, तर मी याला आधी बोलावेन.

ग्राफानासारख्या डॅशबोर्डची मागणी हल्ली सगळीकडून येते. टूलकिटबरोबर आता परफॉर्मन्स डेटा पंप मिळतो. तो मॉनिटरचा डेटा अशा डॅशबोर्डना समजेल अशा रूपात पाठवतो. हा मार्ग मला आवडतो, कारण डेटा सीपीकडचाच राहतो. फक्त गेस्टमधल्या एजंटवर, म्हणजे आत बसवलेल्या मोजणाऱ्या प्रोग्रामवर, उभा केलेला डॅशबोर्ड मात्र दिसायला कितीही देखणा असला तरी वरच्या गोष्टीतला १२.५ तुम्हाला कधीच दाखवणार नाही.

हिप्टॉप हे लिनक्समधून हायपरव्हायझरकडे बघायचं छोटं साधन एस३९०-टूल्समध्ये फुकट मिळतं आणि चटकन नजर टाकायला उत्तम आहे. इतर गेस्ट दिसायला त्या खात्याला क्लास बी हा अधिकार लागतो. तो प्रॉडक्शनच्या डेटाबेसला देऊ नका. त्यासाठी एक वेगळा छोटा गेस्ट ठेवा.

विक्रेत्याला काय विचारायचं

एजंटबद्दल खोदून विचारा. गेस्टमधला एजंट दर पाच सेकंदांनी जागा होत असेल तर तो गेस्ट कधीच निवांत होत नाही. असे दोनशे गेस्ट असले तर दोनशेही जण सतत डिस्पॅच लिस्टवर येत राहतात, आणि त्यांची पानं वापरात दिसल्याने मेमरीतून हलत नाहीत. झेड/व्हीएमची सगळी काटकसर या गृहीतावर उभी आहे की बरेच गेस्ट बराच वेळ झोपलेले असतात. मोजणाऱ्यानेच सगळ्यांना उठवून बसवलं तर मोजायचं काय? ट्रायलच्या आधी आणि नंतर एकूण सीपीयू आणि टी/व्ही रेशो लिहून ठेवा. हा रेशो म्हणजे एकूण वेळ भागिले गेस्टचा स्वतःचा वेळ. तो एकच्या जितका जवळ तितकं बरं.

दुसरा प्रश्न एसएमटीचा. आयएफएल, म्हणजे लिनक्ससाठी राखलेल्या, इंजिनांवर एसएमटी चालू असेल तर एका कोअरवर दोन थ्रेड चालतात आणि ‘सीपीयू वेळ’ या शब्दाचा एकच अर्थ राहत नाही. थ्रेडवर घालवलेला कच्चा वेळ, एकच थ्रेड असता तर लागला असता तो वेळ, आणि कोअरच्या वापराच्या प्रमाणात वाटून दिलेला वेळ, असे तीन हिशेब होतात. तुमच्या अहवालात यातला कुठला छापला जातो, हे विक्रेत्याच्या माणसाला लगेच सांगता आलं पाहिजे. बिलिंग त्यावर असेल तर हा प्रश्न सोडूच नका.

किमतीचं म्हणाल तर परवाना इंजिनांच्या संख्येवर आहे का ते विचारा, आणि पुढच्या दोन वर्षांत आयएफएल वाढणार असतील तर तो आकडा धरूनच कोटेशन मागा.

डेमोत विक्रेता स्वतःचा नमुना डेटा दाखवतो आणि त्यात सगळं सुरेख दिसतं. तिथे थांबू नका. ट्रायलची मुदत अशी मागा की मधे महिन्याचा पहिला कामाचा दिवस येईल. पंधरा ते तीस तारखेची ट्रायल आपल्या कामाची नाही. घोळ होऊन गेल्यावर, दुसऱ्या दिवशी, त्यांच्याच माणसाला सांगा: काल ग्राहकाच्या नऊ वाजून पाच मिनिटांनी डेटाबेसचा गेस्ट कशासाठी थांबला होता, आणि त्या वेळी त्याच्या पुढे कोण होतं, ते दाखवा. तीन-चार पडद्यांत उत्तर आलं तर टूल चांगलं. ‘आम्ही परत कळवतो’ असं आलं तर पुढचा विक्रेता बोलवा.

आणि टूल कुठलंही घेतलंत तरी मॉनराइट बंद करू नका. आयबीएमकडे परफॉर्मन्सची केस उघडली की ते आलेख मागत नाहीत, मॉनराइटच्या कच्च्या फाइली मागतात. निदान दोन महिनाअखेरी मागे जाता येईल एवढी डिस्क त्या खात्याला द्या, जुन्या फाइली टेपवर हलवायची सोय करा, आणि प्रत्येक आयपीएलनंतरच्या चेकलिस्टमध्ये क्वेरी मॉनिटर ही एक ओळ घालून घ्या.